कुंग फूचा वस्ताद कसा ओळखावा?

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळी कामावरून परस्पर आमच्याकडेच आल्या. हातात दोन कागद होते. एक गुळगुळीत, रंगीत. दुसरा साधा झेरॉक्स. "भाऊजी, पोरगी ऐकत नाही. कुंग फू शिकायचंच म्हणते. हे दोन क्लास हायेत. तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला कळत असंल. ह्यातला कुठला मास्तर चांगला?"

रंगीत कागदावर मास्तर हवेत उडालेले होते. खाली चषकांची रांग, गळ्यातल्या पदकांचा फोटो, नावाच्या आधी दोन ओळी पदव्या आणि तळाशी प्रवेश फी, ड्रेस, पट्ट्याची परीक्षा असे वेगवेगळे पैसे. झेरॉक्सवर नुसता पत्ता आणि वार-वेळ. वहिनींची मुलगी बारा वर्षांची. शाळेतून येताना नाक्यावर काही टवाळ पोरे उभी राहू लागली, तेव्हापासून तिने हा हट्ट धरला आहे. म्हणजे प्रश्न पोरखेळाचा नव्हता आणि फीही घरखर्चातून काढायची होती.

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही स्वतः आयुष्यात कधी कुणावर हात उगारलेला नाही. ब्रूस लीचे सिनेमे मात्र पहिल्या रांगेत बसून, मान मोडेपर्यंत पाहिले आहेत. तेवढ्या भांडवलावर मत देणे बरे नव्हे. म्हणून जिथली ही विद्या, तिथल्या लोकांनी आपल्या मास्तरांची पारख कशी केली, हे आम्ही जमेल तेवढे वाचून काढले. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

आधी शब्दाचेच पाहू. 'कुंग फू' म्हणजे मारामारी, अशी आपली समजूत सिनेमाने करून दिली आहे. चिनी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ आहे वेळ आणि मेहनत घालून कमावलेले कसब. आचाऱ्याच्या हातात कुंग फू असू शकते, सुताराच्या हातात असू शकते. मास्तराला हाँगकाँगकडे 'सिफू' म्हणतात. हा उच्चार दोन तऱ्हांनी लिहितात. एका तऱ्हेने त्याचा अर्थ होतो गुरू-पिता. दुसऱ्या तऱ्हेने अर्थ होतो कसबी कारागीर, आणि त्या अर्थाने तिथे आचाऱ्याला, गाडी चालवणाऱ्यालाही सिफू म्हणून हाक मारतात. आपल्या तालमीतला 'वस्ताद' याच जातकुळीतला शब्द, नाही का? पण गुरूला बाप म्हटले की घरचीच माणसे तयार होतात. आधी आलेला शिष्य थोरला भाऊ, नंतरचा धाकटा, गुरूची बायको आई, गुरूचा गुरू आजोबा. नव्या शिष्याने वाकून चहा द्यायचा, लाल पाकिटात पैसे द्यायचे. यात माया आहे हे खरे. पण बापाला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हेही त्याच्याबरोबर येते.

मग मोठा मास्तर कुठला? लोक पहिल्यांदा विचारतात, तुमची परंपरा कुठली? शाओलिनचे नाव घेतले की आपल्यासारख्या बौद्ध घरांत कान लगेच टवकारतात. भारतातून गेलेल्या बोधिधर्मांनी तिथल्या भिक्खूंना ही विद्या शिकवली, ही गोष्ट आम्हीही मोठ्या अभिमानाने सांगत होतो. परंतु तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने १९३० च्या सुमारासच जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की ही गोष्ट ज्या पोथीच्या आधाराने पसरली ती बोधिधर्मांच्या काळानंतर हजारएक वर्षांनी, सतराव्या शतकात तयार झालेली आहे. शाओलिनचे भिक्खू इ.स. ६२१ मध्ये एका लढाईत उतरले होते, याचा पुरावा तिथल्या शिलालेखात आहे; तेवढे खरे. अभिमानाला थोडा धक्का बसला, पण खरे ते खरे. एवढ्या मोठ्या मठाच्या नावाची ही गत, तर कागदावर छापलेल्या वंशावळीवरून नाक्यावरच्या मास्तराची किंमत काय ठरवायची?

दुसरी कसोटी लोकांना जास्त आवडते. दोन मास्तरांना एकमेकांशी लढवा, जो जिंकेल तो मोठा! ही कसोटी खरोखरच एकदा घेतली गेली आहे. साल १९५४, जानेवारी महिना. आधीच्या नाताळच्या रात्री हाँगकाँगमध्ये शेक किप मेई या झोपडवस्तीला आग लागून हजारो कुटुंबे उघड्यावर आली होती. त्यांच्या मदतीसाठी शेजारच्या मकावमध्ये सामना ठरला. एका बाजूला ताई ची पद्धतीचे वू कुंग-यी, पन्नाशी ओलांडलेले. दुसऱ्या बाजूला 'श्वेत बगळा' पद्धतीचे चॅन हाक-फू, वयाने बरेच लहान, अंगाने दणकट. वर्तमानपत्रांनी आधी महिनाभर वाद पेटवलेला. प्रेक्षकांची गर्दी लोटली. आणि झाले काय? दोन फेऱ्या कशाबशा झाल्या. नाकातून रक्त आले, लाथा बसल्या, हात हवेत फिरले आणि दुसऱ्याच फेरीत सामना थांबवून कुणीच जिंकले नाही असे जाहीर केले गेले. त्याचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. आम्ही पाहिले. दोन मोठ्या नावांची माणसे एकमेकांना मारताना नवशिक्या पोरांसारखी दिसतात! यात त्यांची थट्टा करायचा आमचा हेतू नाही. खऱ्या मारामारीत सगळ्यांचीच अशी दशा होते. हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांनी मात्र संधी साधली. सामन्यानंतर चारच दिवसांत एका पेपरात कुंग फूची कादंबरी क्रमशः सुरू झाली आणि त्या वाचनाचे वेड पसरले. पेपर खपले, आगग्रस्तांना मदत मिळाली, सगळे झाले. पण या दोघांपैकी शिकवतो कोण चांगले, हे त्या दिवशी त्या गर्दीतल्या एकालाही कळले नसेल.

तिसरी कसोटी शिष्याची. ज्याचा शिष्य जगप्रसिद्ध, तो गुरू मोठा. इथे नाव येते इप मॅन यांचे. आज त्यांच्यावर इतके चित्रपट निघाले आहेत की पोरांना ते दहा-दहा जणांना लोळवणारे वीर वाटतात. पण त्यांच्याविषयी वाचताना आम्ही ज्या ठिकाणी थांबलो ते कुठल्याही चित्रपटापेक्षा साधे आहे.

इप मॅन यांचा जन्म १८९३ चा, दक्षिण चीनमधल्या फोशान गावी, खात्यापित्या घरात. त्यांच्या घराण्याच्या पूर्वजांच्या दालनात चॅन वा-शुन नावाचे वस्ताद भाड्याने जागा घेऊन 'विंग चुन' ही पद्धत शिकवीत. हे वस्ताद मूळचे बाजारात नाणी बदलून देण्याचा धंदा करणारे. लहान इप मॅन हा त्यांचा शेवटचा शिष्य. पुढे वस्ताद वारले, तेव्हा त्यांच्या मोठ्या शिष्याने या पोराला शिकवणे चालू ठेवले. तरुणपणी इप मॅन यांना विद्या विकून पोट भरायची गरज नव्हती आणि त्यांनी ती भरभरून कुणाला शिकवलीही नाही. चीनमध्ये १९४९ साली सत्ता बदलली. घरदार, बायको-मुले मागे ठेवून ते हाँगकाँगला आले, ते जवळजवळ रिकाम्या हाताने. वय छप्पन.

१९५० साली त्यांना शिकवायला जागा मिळाली ती हॉटेल कामगारांच्या युनियनच्या कचेरीत. शाम शुई पो या गिरणी-कारखान्यांच्या, निर्वासितांनी भरलेल्या भागात. युनियनमधले एक पुढारी लेउंग शेउंग स्वतः दुसऱ्या पद्धतींत तयार झालेले गडी होते. तेच पहिले शिष्य झाले. पाठोपाठ लोक यिउ आणि युनियनचे चिटणीस असलेले तरुण चू शाँग-टिन आले. बाकीची मंडळी म्हणजे भांडी घासणारी, ताटे उचलणारी, चुलीपुढे उभी राहणारी. पुढे बसवर काम करणारेही येऊ लागले.

वाचकहो, हे दृश्य जरा डोळ्यांपुढे आणा. दिवसभर उभे राहून पाय सुजलेली माणसे. त्यांच्यापुढे एक किरकोळ अंगाचा, लांब झग्यातला, छप्पन वर्षांचा माणूस. आणि तो शिकवतो काय? विंग चुनचा पहिला पाठ 'सिउ निम ताउ' हा असा आहे की त्यात पाऊल जागचे हलतच नाही. पाय रोवून उभे राहायचे आणि नुसते हात फिरवायचे, सावकाश, पुन्हा पुन्हा. उडी नाही, लाथ नाही, आरोळी नाही. कंटाळा यावा असाच प्रकार! पण ज्याच्या पायांत दिवसाअखेर त्राण उरत नाही आणि ज्याला जागा दोन फुटांची मिळते, त्याला जमण्यासारखाही हाच प्रकार.

दुसरी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. चिनी कसरतीच्या विद्येत जुन्या वस्तादांची बोली पंचमहाभूते, आठ चिन्हे, यिन-यांग असल्या गूढ शब्दांनी भरलेली असे. शिष्याला कळो न कळो, वजन पडे. इप मॅन यांनी हे शब्द जवळजवळ टाकूनच दिले. कोपर आत का ठेवायचे, जोर कुठून येतो, समोरच्याचा हात कुठल्या रेषेने येईल, हे ते साध्या बोलण्यात सांगत, असे त्यांचे चिरंजीव व शिष्य यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे भांडी घासणाऱ्यालाही विचारता यावे, "असे का?" आणि उत्तर मिळावे.

आणि उत्तर हातानेच पडताळून पाहता येई. विंग चुनमध्ये 'चि साउ' म्हणजे 'चिकट हात' नावाचा सराव आहे. दोघांनी समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट लावायचे आणि हात न सोडता एकमेकांचा जोर चाचपायचा. यात मास्तराला दूर खुर्चीत बसून सोंग आणता येत नाही. हात लागला की कळते. वाँग शुन-लेउंग नावाचा एक तरुण बॉक्सिंग शिकून आला होता. या म्हाताऱ्याची परीक्षा पाहावी म्हणून तो गेला. त्यानेच पुढे सांगितल्याप्रमाणे, इप मॅन यांनी त्याला भिंतीशी असा कोंडला की हात उचलता येईना, आणि मारले मात्र नाही. तो पोरगा तिथेच राहिला. पुढे हाँगकाँगच्या गच्च्यांवर होणाऱ्या चोरट्या लढतींत त्याचे नाव गाजले. आणि ज्या ब्रूस लीमुळे आपण इप मॅन यांचे नाव घेतो, त्या ब्रूसला त्या वर्गात रोजच्या रोज घडवणाऱ्यांत मोठा वाटा या वाँगचाच होता.

तेव्हा जगप्रसिद्ध शिष्याचे श्रेय कुणाचे? गुरूचे, की थोरल्या गुरुबंधूचे? नुसता ब्रूस दाखवून इप मॅन मोठे ठरवणे आम्हाला पटत नाही. त्यांचे मोठेपण असलेच तर लेउंग शेउंग, लोक यिउ, चू शाँग-टिन, वाँग या चौघांत आहे. हे चौघे चार तऱ्हांनी तयार झाले आणि चौघांनीही पुढे दुसऱ्यांना शिकवले.

अर्थात दोष सांगायलाच हवेत. इप मॅन सगळ्यांना सारखे शिकवीत नसत. आवडत्याला जास्त, नावडत्याला कमी. पुढे पुढे तर नवशिक्यांना बहुतेक जुने शिष्यच शिकवीत. याचा परिणाम असा की एकाच गुरूचे शिष्य आजतागायत भांडत आहेत. प्रत्येकाचे म्हणणे, खरी विद्या आमच्याकडेच! पाठ एकच, पण हाताची ठेवण प्रत्येकाची निराळी. काही जण म्हणतात, गुरूने ज्याला जे मानवेल तेच दिले. काही म्हणतात, अर्धेच दिले. आमच्या मते दोन्ही थोडे थोडे खरे असावे.

विद्या राखून ठेवण्याचा हा रोग तिथे जुनाच आहे. चिनी लोक मांजर आणि वाघाची गोष्ट सांगतात. मांजराने वाघाला सगळे शिकवले, झाडावर चढणे तेवढे राखून ठेवले. म्हणून ते वाचले. वस्ताद ही गोष्ट हसत हसत सांगत आणि शेवटचा डाव स्वतःजवळ ठेवत. अंगठा मागणाऱ्या गुरूची गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नकोच. याच्या उलट शांघायला १९१० साली 'जिंगवू' नावाची संस्था निघाली. तिने वेगवेगळ्या पद्धतींचे वस्ताद एका छपराखाली आणले, सगळ्यांना सारखे दहा पाठ लावून दिले, पुस्तके छापली आणि पुढे स्त्रियांसाठीही वर्ग काढले. तिच्याशी जोडलेले हुओ युआनजिया हे नाव सिनेमामुळे अमर झाले. पण ते स्थापनेच्या वर्षीच वारले. शिकवले ते मागे राहिलेल्या, कुणाला नावे ठाऊक नसलेल्या माणसांनी.

आता ब्रूस ली. तो १९५९ साली, अठरा वर्षांचा असताना अमेरिकेला गेला. सिएटल शहरात त्याचा पहिला शिष्य कोण, तर जेसी ग्लोव्हर हा काळा तरुण. लहानपणी एका पोलिसाने मारून त्याचा जबडा मोडला होता. तेव्हापासून तो शिकवणारा शोधत होता, आणि काळ्या पोराला शिकवायला कुणी तयार होत नव्हते. ब्रूसने रंग विचारला नाही. दुसरे ताकी किमुरा. हे जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना तारेच्या कुंपणाआड डांबले, त्यांत हेही होते. बाहेर आले ते मान खाली घालूनच. ब्रूसपेक्षा वयाने सोळा वर्षांनी मोठे, घरच्या किराणा दुकानात काम करणारे. त्यांना ब्रूसने आधी ताठ उभे राहायला शिकवले, मग हात उचलायला. हे वाचताना आमच्या डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करतो.

पण ब्रूस पुढे हॉलीवूडच्या नटांना तासाला २७५ डॉलर घेऊन शिकवू लागला. सिएटल, ओकलंड आणि लॉस एंजलिस इथल्या आपल्या तिन्ही शाळा त्याने १९७० साली बंद केल्या. आपल्या नावाखाली लोक साचेबंद होतील, अशी भीती त्याला वाटत होती. विचार म्हणून ते ठीक. पण रोज संध्याकाळी दार उघडून, दिवा लावून, नव्या पोराला पुन्हा पहिला पाठ द्यायचा, हे काम त्याच्या स्वभावाचे नव्हते. ते काम किमुरा यांनी केले. दुकानाच्या तळघरात, थोड्या लोकांना, धंदा न करता, कित्येक वर्षे. २०२१ साली ते शहाण्णव वर्षांचे होऊन वारले. योद्धा म्हणून त्यांचे नाव कुणी घेत नाही. पण मास्तर म्हणून दोघांत एक निवडा म्हटले, तर आम्ही आमची मुलगी किमुरांच्या तळघरात पाठवू.

इप मॅन यांचे शेवटचे दिवस सांगायचे राहिले. १९७२ साली त्यांना घशाचा कर्करोग झाला होता. आपल्या माघारी शिष्य काय काय बदलतील हे त्यांना दिसत असावे. मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्यांनी घरातच, लहान कॅमेऱ्यापुढे उभे राहून पाठ करून दाखवले. चित्रात अंग थकलेले दिसते, हात मात्र चुकत नाहीत. सगळे दाखवणे झाले नाही. काही राहिले ते राहिलेच. २ डिसेंबर १९७२ रोजी ते गेले. राखून ठेवणाऱ्या पिढीतल्या माणसाने शेवटी कॅमेऱ्यापुढे, म्हणजे कुणाही अनोळखी माणसापुढे, हात उघडे केले.

हे सगळे वहिनींना सांगायला वेळ कुठला? आम्ही एवढेच म्हणालो, "वहिनी, दोन्ही ठिकाणी जाऊन बसा. मास्तराकडे बघू नका. सगळ्यांत कच्चं पोर कुठलं ते शोधा आणि मास्तर त्याच्याशी कसा वागतो तेवढं बघा. पोरांना प्रश्न विचारू देतो का ते ऐका. आणि आयांना बसू देत नसतील, तर तिथूनच परत या."

रंगीत कागदाच्या ठिकाणी दारातच सांगितले, पालकांनी बाहेर थांबावे. आतून छडीचा आवाज येत होता म्हणे. झेरॉक्सच्या ठिकाणी, एका शाळेच्या ओट्यावर, पंचवीस-तीस पोरे होती. वहिनी पायरीवर तीन संध्याकाळी बसल्या. एक जाडसर मुलगा सारखा चुकत होता आणि बाकीची हसत होती. मास्तरांनी हसणाऱ्यांतल्याच एकाला बोलावले आणि त्याला शिकव म्हणून सांगितले. तो पोरगा शिकवता शिकवता स्वतःच अडला. मग दोघांना घेऊन मास्तर ओट्याच्या कडेला बसले आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवले.

"त्यांना विचारलं, तुम्ही कुणाकुणाला हरवलंय?" वहिनी सांगत होत्या. "तर म्हणाले, ताई, मी स्पर्धेत दोनदा उतरलो, दोन्ही वेळा हरलो. पण तुमच्या मुलीला पडायचं कसं ते आधी शिकवीन."

मुलगी सोमवारपासून जाते. सध्या फक्त पडायला शिकते आहे. कोपरे सोलून घेतली आहेत आणि रोज घरी आल्यावर धाकट्या भावाला गोधडीवर पाडून दाखवते.